अंगठीतून जाणारी शाल

बोटातली अंगठी काढून हातात धरा. या अंगठीतून काय काय जाईल? सुतळी जाईल. चिंधीची पट्टी जाईल. पण दोघांना मिळून पांघरता येईल एवढी मोठी लोकरीची शाल जाईल का? कोणी जाते म्हणाले तर आपण हसू. पण अशी शाल असते, आणि ती सबंधच्या सबंध अंगठीतून ओढून काढता येते. म्हणून तिला 'लग्नाच्या अंगठीची शाल' असेच नाव पडले आहे. ही शाल दोन यार्ड लांब आणि दोन यार्ड रुंद असते. म्हणजे आपल्या हिशेबाने चार हात बाय चार हात. पण तराजूत घातली तर शंभर ग्रॅमही भरत नाही.

ही शाल यंत्रावर होत नाही. विणकराच्या मागावरही होत नाही. चूल, गुरे, शेत आणि पोरेबाळे सांभाळून बायकांनी ती सुयांवर विणली. ती कशी विणतात, त्या बायकांच्या पदरात काय पडले, आणि आपल्याकडच्या बाईला फावल्या वेळात असे काही करावेसे वाटले तर कुठून सुरुवात करावी, हे आपण या पाठात पाहू.

इंग्लंडच्या उत्तरेला स्कॉटलंड आहे. स्कॉटलंडच्याही उत्तरेला भर समुद्रात शेटलंड नावाची बेटे आहेत. लहानमोठी मिळून शंभरावर बेटे, पण माणसांची वस्ती पंधरा-सोळा बेटांवरच. सगळ्यांत उत्तरेचे वस्तीचे बेट म्हणजे अन्स्ट. बारीक शालींसाठी अन्स्टच्या बायकांचे नाव विशेष घेतात.

तिथे वारा अतिशय. झाड औषधालाही सापडणे कठीण. हिवाळ्यात दिवस इतका लहान की सूर्य पाच-सहा तास दिसतो आणि मावळतो. उन्हाळ्यात उलटे. मध्यरात्रीही पुरता अंधार पडत नाही. झाडे नाहीत म्हणजे सरपणही नाही. मग जाळायचे काय? दलदलीत शेवाळ आणि गवत शेकडो वर्षे कुजून काळी माती झालेली असते. तिला पीट म्हणतात. ती विटेसारखी कापायची, वाळवायची आणि आपण गोवऱ्या जाळतो तशी जाळायची. ही पीट माळावरून घरी आणण्याचे काम बायकांचे. पाठीवर मोठी टोपली, टोपलीत पीट, आणि हात मोकळे. मोकळ्या हातांत काय? विणकाम! चालता चालता मोजे विणीत त्या घरी येत. अशा बायकांची जुनी छायाचित्रे आजही पाहायला मिळतात.

तुम्ही म्हणाल, चालताना सुया धरणार कशा? त्यांनी एक युक्ती काढली होती. कमरेला चामड्याचा पट्टा बांधायचा. पट्ट्यावर चामड्याचीच एक लहान उशी, आत घोड्याचे केस भरलेले, वर बारीक बारीक भोके. उजव्या सुईचे मागचे टोक भोकात रोवले की सुई हलत नाही. मग उजव्या हाताला सुई धरून ठेवावी लागत नाही, तो फक्त दोरा फिरवतो. काम भराभर होते आणि बाई उठली, चालली, वाकली तरी अडत नाही. साधी वस्तू, पण डोके लावून केलेली.

मात्र एक गोष्ट नीट सांगायला हवी. चालता चालता होत ते जाडेभरडे काम. मोजे, हातमोजे, अंगातले कपडे. बारीक शालीचे काम रस्त्यात होत नसे. ते घरात, दिव्याजवळ, स्वच्छ हातांनी बसून करायचे. खरखरीत बोटांना बारीक लोकर अडकते. पीट उचलून, गुरांचे करून आलेल्या बाईची बोटे मऊ कुठून असणार? म्हणून काही घरांत असे असे की जिचा हात शालीवर बसला आहे तिच्याकडे जड काम कमी द्यायचे. बाकीच्यांनी ते वाटून घ्यायचे. एकीच्या शालीत अशी चार जणींची मेहनत असे.

आता लोकर पाहू. शेटलंडची मेंढी लहानखुरी. पांढरी, काळी, करडी, तपकिरी, सगळ्या रंगांची. आपल्याकडे धनगर मेंढ्या कातरतात. तिकडे जुन्या पद्धतीत कातरत नसत. उन्हाळा लागला की मेंढीची जुनी लोकर आपोआप सुटायला लागते. ती हातांनी हलकेच उपटून घ्यायची. मेंढीला इजा होत नाही, आणि लोकरीच्या केसाला कात्रीचे बोथट टोक राहत नाही. सगळ्यांत मऊ लोकर मानेची. बारीक शालीला तीच घ्यायची. तिचे केस बोटांनी निवडायचे, विंचरायचे आणि चरख्यावर केसासारखा बारीक धागा काढायचा. शाल विणण्याइतकाच वेळ धाग्यात जाई. पाहणारा शालीची नक्षी बघतो. ज्याला समजते तो आधी धागा बघतो.

शालीच्या अंगात जाळी असते. जाळी म्हणजे ठरवून ठेवलेली भोके. ही भोके कशी पाडतात? इथेच सगळी गंमत आहे, आणि ती हिशेबाची आहे. विणताना सुईवर एक जादा वेढा घेतला की तिथे भोक पडते. पण त्याने सुईवर एक टाका वाढतो. असेच वेढे घेत गेलो तर कापड पसरत जाईल आणि घागऱ्यासारखे घोळदार होईल. म्हणून जितके वेढे वाढवले तितक्या वेळा दोन टाके एकत्र विणून एक करायचा. एक वाढला, एक कमी झाला. जमा आणि खर्च बरोबर. आता वाढीचा वेढा कुठे घ्यायचा आणि दोनाचा एक कुठे करायचा, यावर नक्षी ठरते. जवळजवळ घेतले तर एक नक्षी, लांब लांब घेतले तर दुसरी. शेटलंडच्या सगळ्या नक्ष्या या दोन कृतींवर उभ्या आहेत. मांजराचे पाऊल, पक्ष्याचा डोळा, घोड्याचा नाल, कोळ्याचे जाळे, लाटेची खूण, अशी त्यांची नावे. घराच्या आसपास जे दिसे तेच त्यांनी शालीत घातले.

शालीचे भाग तीन. बाहेरची कातरेदार किनार, आतली रुंद पट्टी आणि मधला चौक. जुन्या पद्धतीत किनार आधी विणत. तिच्या काठावरून टाके उचलून पट्टी घालीत आणि शेवटी मधला चौक. म्हणजे आपण घर बांधताना पाया घालून वर जातो, तशा त्या बाहेरून आत येत. सगळी शाल विणून झाली तरी ती शाल दिसत नाही. चुरगळलेले फडके दिसते! तिला कोमट पाण्यात धुवायची. पांढरी हवी असेल तर पूर्वी गंधकाची धुरी देत. मग ओली असतानाच लाकडी चौकटीवर दोऱ्यांनी चारी बाजूंनी ताणून बांधायची. वाळली की भोके उघडतात, नक्षी स्वच्छ दिसते आणि शाल सपाट होते. हे ताणण्याचे काम करणाऱ्या बायका वेगळ्या असत. त्यांना त्याचीच मजुरी मिळे.

हे झाले कसबाचे. आता पैशाचे पाहू. ही गोष्ट तितकी गोड नाही.

शेटलंडमध्ये मोजे विणण्याची चाल फार जुनी. 1837 साली तिथल्याच एका मोठ्या जहाजधंद्यातल्या माणसाने, आर्थर अँडरसनने, तिथले तलम मोजे राणी व्हिक्टोरियाला भेट दिले. साधारण त्याच सुमारास, 1830 ते 1840 च्या दरम्यान, जाळीच्या शाली विणायला सुरुवात झाली. 1851 साली लंडनला मोठे जागतिक प्रदर्शन भरले. त्यात या शाली मांडल्या होत्या. मोठ्या घरच्या बायका त्या खांद्यावर घेऊ लागल्या. शालीला मागणी आली, नाव झाले.

मग विणणारीला काय मिळाले? तिच्या हातात रोख पैसा क्वचितच पडत असे. ती शाल घेऊन व्यापाऱ्याकडे जाई. व्यापारी किंमत ठरवी. पण त्या किमतीचे पैसे देत नसे. आपल्या दुकानातला माल देई. चहा घे, कापड घे, दोरा घे. माल नको असेल तर एक चिठ्ठी लिहून देई. अमक्या रकमेचा माल या बाईला देणे आहे, एवढेच त्या चिठ्ठीवर असे. ती चिठ्ठी त्याच्याच दुकानात चाले. आता घरात पीठ नाही आणि शालीच्या व्यापाऱ्याकडे तर पीठ विकायलाच नाही. मग काय करायचे? चहा घ्यायचा, आणि तो घेऊन शेजारीपाजारी हिंडायचे. 'चहा घ्या, मला थोडे पीठ द्या, बटाटे द्या.' कधी चिठ्ठीच दुसरीला विकायची, आणि तीही कमी किमतीत. घरभाडे रोख द्यायचे, ते कुठून द्यायचे?

ही रीत इतकी बोकाळली की सरकारला चौकशी करावी लागली. 1872 साली सरकारी चौकशी अधिकारी शेटलंडला आला. त्याच्यापुढे विणणाऱ्या बायकांनी साक्षी दिल्या. काय विणले, काय मिळाले, रोख मागितले तर काय उत्तर आले, ते त्यांनी सांगितले. सवालजवाब शब्दशः लिहून घेतले आणि ते छापले. त्या काळी गरीब बाईचे बोलणे कागदावर कोण लिहून घेत होते? इथे ते लिहिले गेले. म्हणूनच दीडशे वर्षांनंतर आम्ही तुम्हाला हे सांगू शकतो. पुढे 1887 सालच्या कायद्यात, घरी बसून विणलेल्या मालाचाही मोबदला पैशांतच दिला पाहिजे, असे घातले. कायदा झाला, पण रीत काही लगेच मेली नाही. ज्या बेटावर घेणारा दुकानदारच एक-दोन, तिथे कायद्याचे पुस्तक घेऊन भांडायला कोण जाणार?

यात व्यापाऱ्यांचीही एक बाजू होती, ती सांगायला हवी. माल लांब जायचा, विकायला महिने लागायचे, आणि कधी माल तसाच पडून राहायचा. व्यापारी म्हणत, रोख द्यायचे तर किंमत आणखी कमी द्यावी लागेल. असेल. पण किंमत त्याने ठरवायची, मोबदल्यात काय द्यायचे तेही त्यानेच ठरवायचे, आणि त्या मालाचा भावही त्याच्याच पाटीवर लिहिलेला. तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हातात असल्या म्हणजे विणणारीच्या हातात फक्त सुया राहतात.

बरे, 'बायका फावल्या वेळात करतात, त्यांना काय लागतो पैसा' असे कोणी म्हणेल. शेटलंडचे पुरुष समुद्रावर असत. कोणी मासेमारीला, कोणी व्हेलच्या शिकारीला, कोणी आरमारात. कित्येक परत येत नसत. 1881 सालच्या जुलै महिन्यात एका रात्री असे वादळ झाले की उघड्या होड्यांतले 58 कोळी बुडाले. त्यांतले बरेचसे येल बेटाच्या ग्लूप या एकाच बंदरातून गेलेले. त्या घरांतल्या बायकांच्या हातचे विणकाम फावल्या वेळचे कसे म्हणावे?

असे फक्त परदेशात होते असे नाही. आपल्या आंध्र प्रदेशात गोदावरीच्या मुखाशी नरसापूर नावाचे गाव आहे. तिथे गेल्या शतकाच्याही आधी मिशनरी बायकांनी क्रोशाची लेस शिकवली. आजूबाजूच्या गावांत घरोघर ते काम पसरले. माल परदेशी जाऊ लागला. जर्मनीच्या मारिया मीस या विदुषीने तिथे राहून पाहणी केली आणि 1982 साली त्यावर पुस्तक लिहिले. दिवसाचे सहा-सहा, आठ-आठ तास लेस करणारी बाई तिथे 'घरीच बसलेली' समजली जात होती. ती स्वतःही तसेच म्हणे. व्यापार करणारे पुरुष मात्र व्यापारी. बायकांच्या वेळाचा हिशेब कोणी मांडलाच नव्हता.

शेटलंडमध्ये पुढे पुष्कळ बदलले. यंत्राची लेस स्वस्त झाली. शालींची हौस मागे पडली. 1922 च्या सुमारास इंग्लंडच्या युवराजाने फेअर आइल बेटाचा रंगीत नक्षीचा स्वेटर घातला, तेव्हा सगळे त्याच्यामागे लागले आणि बायकांनी रंगीत स्वेटर विणायला घेतले. 1970 नंतर समुद्रात तेल सापडले, नोकऱ्या आल्या. पोटासाठी विणायची गरज कमी झाली. 2010 साली तिथल्या प्राथमिक शाळांतले विणकामाचे शिक्षणही बंद झाले. मग स्वयंसेवकांनी मुलांना पुन्हा शिकवायला घेतले. त्याच वर्षापासून तिथे दर वर्षी लोकरीचा सप्ताह भरतो आणि देशोदेशीच्या बायका, पुरुषही, शिकायला जातात. ज्या शालीसाठी आजीला चिठ्ठी मिळे, ती शाल आज नात आपल्या हौसेने विणते. नातवंडाच्या बारशाला तीच पांघरते. विकली तर विकली, नाही तर पेटीत ठेवली.

आम्हाला विचाराल तर हौस ही मोठी गोष्ट आहे. दिवसभर दुसऱ्यांसाठी राबणाऱ्या बाईने अर्धा तास आपल्या मनाजोगे काही करावे, याला कोणी नाव ठेवू नये. आपल्याकडेही हे आहेच की. क्रोशाचे रुमाल, दारावरचे तोरण, बाळंतिणीच्या बाळाचे टोपडे आणि मोजे. हे करणाऱ्या बाया गावोगावी आहेत. जाळीची शाल हे त्याच्याच पुढचे पाऊल.

क्रोशा बरा की सुया? रोजच्या धबडग्यात कोणते बसेल ते बघा. क्रोशाच्या सुईवर एका वेळी एकच टाका असतो. पोर रडले, दूध उतू चालले, कोणी हाक मारली, तर तो एक टाका जरा मोठा ओढून ठेवायचा आणि उठायचे. काही बिघडत नाही. सुयांवर मात्र सगळेच टाके असतात. एक जरी निसटला तरी खाली घरंगळत जातो, आणि जाळीत तो शोधणे फार अवघड. म्हणून जिला दहा वेळा उठावे लागते तिने क्रोशा घ्यावा. एक खांब, दोन साखळ्या, खालचे दोन टाके सोडून पुढचा खांब. एवढ्यावर चौकटींची सुंदर जाळी होते. पण सुयांची जाळी पातळ आणि मऊ पडते, आणि शाल अंगावर ओघळते. तो गुण क्रोशात तितका येत नाही.

सुयांवर करायचे ठरवले तर एक सोपा नमुना सांगतो. शेटलंडच्या शालींत तो फार चालतो. लाट ओसरल्यावर वाळूवर वळ्या उमटतात ना, तसा तो दिसतो. सुईवर 40 टाके घाला. दोन्ही काठांचे दोन दोन टाके नेहमी सुलट विणायचे, ते काठ राखतात. मधे उरले 36. नमुना 18 टाक्यांचा, म्हणजे तो दोनदा बसतो. पहिली ओळ सगळी सुलट. दुसरी ओळ काठ सोडून सगळी उलट. तिसऱ्या ओळीत जाळी. आधी तीन वेळा दोनाचा एक करा. मग सहा वेळा असे करा, सुईवर वेढा घ्या आणि एक टाका सुलट विणा. पुन्हा तीन वेळा दोनाचा एक करा. हे झाले 18 टाके. पुन्हा तसेच आणखी एकदा. चौथी ओळ सगळी सुलट. मग परत पहिलीपासून.

आता हिशेब पडताळा. पहिल्या सहा टाक्यांचे झाले तीन. मधले सहा टाके आणि सहा वेढे मिळून बारा. शेवटच्या सहांचे तीन. तीन, बारा आणि तीन, बेरीज अठरा. जितके घेतले तितके उरले. दर वेळी तिसरी ओळ झाली की टाके मोजा. 40 भरले तर पुढे चला. 39 भरले तर एक वेढा विसरला किंवा एक टाका सुटला. ते त्याच ओळीत सापडते. चार ओळी पुढे गेल्यावर सापडत नाही. भीती वाटत असेल तर दर आठ ओळींनंतर दुसऱ्या रंगाचा सुती दोरा सुईत ओवून सगळ्या टाक्यांतून नेऊन ठेवा. पुढे चुकले तर तिथपर्यंत उसवायचे, दोऱ्यावर टाके अडून राहतात.

या नमुन्यात चारपैकी तीन ओळी साध्या आहेत. त्या बोलत बोलत, पोराला थोपटत होतात. जाळीची ओळ तेवढी निवांत वेळेला ठेवा. सगळे निजल्यावर एक ओळ झाली तरी झाली. हातांना खोबरेल तेल चोळून चांगले पुसून घ्या, म्हणजे लोकर अडकणार नाही.

तुम्हाला आता लिहिता येते. मग एक वही करा. वहीत नमुना आपल्या शब्दांत उतरवा. 'सु' म्हणजे सुलट, 'उ' म्हणजे उलट, 'वे' म्हणजे वेढा, 'दोए' म्हणजे दोनाचा एक. कुठल्या ओळीवर थांबलात तिथे खूण करा. नाही तर उद्या बसल्यावर पहिली की तिसरी, हे आठवत नाही. त्याच वहीच्या मागच्या पानावर लोकर किती रुपयांची आणली, कोणत्या तारखेला सुरुवात केली, रोज किती वेळ बसलात, हेही मांडा. घरच्यासाठी करीत असाल तर ते पान कोणाला दाखवायची गरज नाही. पण उद्या कोणी म्हणाले, 'मलाही एक करून द्या, काय घ्याल?', तर 'तुम्ही द्याल ते' असे म्हणू नका. पान उघडा आणि सांगा. मागणाऱ्याला परवडले तर घेईल, नाही तर नाही घेणार. आणि घरातल्या कोणाला भेट द्यायची असेल तर मनापासून द्या. तिथे पान उघडायचे काम नाही.

लोकर घेताना जरा जपून. बाजारात लोकर म्हणून जी मिळते, तिच्यात पुष्कळदा मेंढीची लोकर नसते. तो कारखान्यात केलेला धागा असतो. तो वाईट असे नाही. टोपड्याला, स्वेटरला चालतो, धुवायला सोपा. पण ओला करून ताणला तरी वाळल्यावर तो आखडतो आणि जाळी मिटते. म्हणून शालीला खरी लोकर घ्या. गुंड्यावरची कागदी पट्टी वाचा, तिच्यावर लिहिलेले असते. पट्टी नसेल तर दोऱ्याचा लहान तुकडा चिमट्यात धरून पाण्याच्या ताटलीवर पेटवून बघा. खरी लोकर केस जळल्यासारखा वास देते, आणि तिची राख बोटांत चुरते. कारखान्याचा धागा वितळतो आणि त्याची कडक गोळी होते. तिला लगेच हात लावू नका, भाजते.

लगेच शालीला हात घालू नका. आधी याच 40 टाक्यांचा वीतभर तुकडा करा. जाडसर सुया घ्या, टाके सैल ठेवा. तुकडा झाला की कोमट पाण्यात बुडवा. पिळायचा नाही. फडक्यात गुंडाळून दाबून पाणी काढा. मग गादीवर स्वच्छ कापड पसरा आणि तुकडा चारी बाजूंनी ताणून टाचण्या लावा. टाचण्या न गंजणाऱ्या असाव्यात, नाही तर तांबडे डाग पडतील ते निघायचे नाहीत. लावताना टाचण्या मोजून ठेवा. रात्रभर वाळू द्या. सकाळी टाचण्या काढल्यावर पुन्हा मोजा, आणि आकडा जमला तरच ती गादी पोराला खेळायला द्या.